होडीत राहिलेला बाप

आमच्या घरात नोंब सुरू होतो तो दह्याच्या भांड्यापासून. 15 जूनच्या रात्री जेवणं आटोपली की भांड्याच्या तळाशी उरलेलं चमचाभर दही मी झाकणाच्या वाटीत काढते आणि समोरच्या अक्कांच्या दारात जाते. पुढचे 13 दिवस आमच्याकडे दूध येणार नाही, मग विरजण लावणार कशाला? ते मरू नये म्हणून अक्कांकडे ठेवायला द्यायचं. अक्का लिंगायत. घरात कन्नड बोलतात, माझ्याशी बेळगावी मराठी. विरजणाला त्या हेप्पु म्हणतात. गेली वीसेक वर्षं हे असंच चाललंय. मृग लागला की जिन्यात त्याच मला हटकतात, "काय हो टीचर, तुमचं हेप्पु यायचे दिवस आले की!"

29 जूनला वाटी परत येते. वाटी तीच, दही त्यांच्या घरच्या दुधाचं.

नोंब हा मल्याळी शब्द. व्रत, उपास. माझं सासर केरळातलं, मलंकरा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. प्रेषित थोमा इसवी सन 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरले आणि आपली मंडळी त्यांनी लावलेल्या रोपातून वाढली, असं परंपरेनं मानणारी ही माणसं. वर्षात त्यांचे पाच नोंब: निनवेचा 3 दिवसांचा, ईस्टरआधीचा 50 दिवसांचा, जूनमधला प्रेषितांचा 13 दिवसांचा, ऑगस्टमध्ये मरीयामातेचा 15 दिवसांचा आणि नाताळाआधीचा 25 दिवसांचा. शिवाय बुधवार आणि शुक्रवार. मांस, मासे, अंडी बंद, आणि नीट पाळणाऱ्यांच्या घरी दूध, दही, तूपही बंद. ईस्टरआधीचा मोठा नोंब सगळे पाळतात, त्याची हवाच घरात वेगळी असते. जूनचा नोंब मात्र कुणाच्या ध्यानात न येता निघून जातो. शाळा नुकत्या उघडलेल्या, छत्र्या दुरुस्तीला टाकलेल्या, गावाकडं पेरणीची गडबड. मला मात्र वर्षातले हेच 13 दिवस सगळ्यात जवळचे.

येशूनं ज्यांना हाका मारून बोलावलं आणि मग जगभर पाठवलं, त्या प्रेषितांच्या नावानं हा नोंब. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स मंडळींत तो पेन्टेकॉस्टनंतरच्या, म्हणजे ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सणानंतरच्या, दुसऱ्या सोमवारी सुरू होतो. ईस्टर पुढंमागं होईल तसा तो दिवस सरकतो, म्हणून त्यांचा नोंब कधी महिनाभराचा असतो, कधी मोजक्या दिवसांचा. आमच्याकडं तारखा ठरलेल्या आहेत. 16 ला सुरू आणि 29 जूनला, पेत्र आणि पौल यांच्या सणाला, समाप्त. ग्रीक आणि रशियन मंडळींत पेन्टेकॉस्टनंतरच्या दुसऱ्या रविवारी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचतात, कोळ्यांना हाक मारल्याचा. हे मला कळलं तेव्हापासून आमच्या घरी नोंबाच्या पहिल्या रात्री तोच उतारा मराठीतून वाचायची रीत मी पाडली. वाचते मीच.

गालील समुद्राच्या काठानं येशू चाललाय. पेत्र आणि अंद्रिया हे भाऊ पाण्यात जाळं टाकताहेत. "माझ्यामागे या, म्हणजे मी तुम्हांला माणसे धरणारे करीन," असं तो म्हणतो आणि ते लगेच जाळी सोडून निघतात. थोडं पुढं गेल्यावर दुसरी होडी. तिच्यात याकोब आणि योहान आपला बाप जब्दी याच्याबरोबर जाळी नीट करत बसलेत. येशू त्यांनाही बोलावतो. तेही लगेच उठतात, होडी सोडतात आणि बापालाही सोडतात.

पहिली बरीच वर्षं हा उतारा मी पेत्राच्या बाजूनं वाचला. लगेच. केवढा धीर आहे त्या शब्दात! पुढं पुढं माझी नजर त्या होडीतून हलेनाशी झाली. हातात अर्धवट विणलेलं जाळं घेऊन म्हातारा बसलाय. दोन्ही पोरं काठावरून चालत निघालीत. तो काय म्हणाला, मागं वळून कुणी बघितलं का, मत्तय काही सांगत नाही. मार्क मात्र एक गोष्ट जास्तीची सांगतो. पोरांनी बापाला मोलकऱ्यांबरोबर होडीत सोडलं, असं तो लिहितो. होडी ओढायला, जाळी उचलायला माणसं होती, म्हातारा अगदी एकटा पडला नव्हता. एवढ्या घाईच्या गोष्टीत मार्कानं थांबून त्या मोलकऱ्यांची नोंद का केली असेल? त्यालाही त्या बापाची काळजी वाटली असावी, असं मी मनाशी धरून चालते.

माझा बाप माळकरी.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटी सोडून कणकुंबीच्या वाटेवर. मलप्रभा जिथं उगम पावते तो हा घाटमाथा. इथं पाऊस लागला की चार चार दिवस डोकं वर काढू देत नाही. जूनचे पहिले दोन मोठे पाऊस झाले आणि ओढे गढूळ होऊन वाहायला लागले की चढणीचे मासे येतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून चरात, चरातून थेट भाताच्या वाफ्यात. रात्री गल्लीच्या गल्ली बाहेर पडायची. डोक्यावर खोळ, एका हातात बत्ती, दुसऱ्या हातात कोयता, पोरांकडं टोपल्या. घराघरातून तिरफळाचा वास. आम्ही भावंडं दारात उभी राहून बघायचो. आमचे आप्पा सोप्यावर बसून हरिपाठ म्हणत असायचे. मी एकदा विचारलं, आपण का नाही जायचं? आपण खात नाही म्हणून, असं काहीतरी सांगतील असं वाटलं होतं. आप्पा म्हणाले, "पोटात अंडी घेऊन वर चाललीत बिचारी. अशा वक्ताला कुणाची वाट अडवू नये."

हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं वाक्य. त्याच माणसाशी मी पुढं जे वागले ते ह्या वाक्यासमोर ठेवलं की आजही मान वर होत नाही.

लग्न 1992 साली रजिस्टर पद्धतीनं बेळगावात झालं. हे इथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला, मी मराठी शाळेत नुकतीच लागलेली. घरी कळवलं ते लग्न झाल्यावर. पत्र लिहिलं. समोर जाऊन सांगायची हिंमत नव्हती आणि आप्पा नाही म्हणाले असते तर माझा धीर सुटला असता, हे मला माहीत होतं. गावात बोलणं झालं की पोरगी लग्नासाठी बाटली. ते खरं नव्हतं. लग्नानंतर सहा वर्षं मी बाप्तिस्मा घेतला नाही, आणि ह्यांनी किंवा सासूबाईंनी त्याबद्दल एकदाही शब्द काढला नाही. 2021 च्या डिसेंबरात इथल्याच सुवर्णसौधात धर्मांतराविरुद्धचं विधेयक विधानसभेनं मंजूर केलं. त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये फसवणूक, आमिष, सक्ती हे शब्द सारखे कानावर पडत होते. मी वह्या तपासत होते. माझ्या बाबतीत काय घडलं ते ह्यातल्या कुठल्या शब्दात बसवायचं, ते मला कळेना.

घडलं ते एवढंच.

थोरलीच्या बाळंतपणाला सासूबाई केरळातून आल्या होत्या. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. ऑर्थोडॉक्स मंडळी पूर्वेकडं तोंड करून प्रार्थना करतात, आणि आमच्या घरात पूर्वेला नेमकी स्वयंपाकाची खिडकी. खिडकीखाली कट्टा, कट्ट्यावर शेगडी, शेगडीपुढं मी. संध्याकाळी सातला हे आणि सासूबाई खोलीच्या मध्यावर उभं राहायचे. आधी कौमा म्हणायची, ती तीनदा. देवा, तू पवित्र आहेस. सामर्थ्यवंता, तू पवित्र आहेस. अमर्त्या, तू पवित्र आहेस. आमच्यासाठी क्रुसावर खिळलेल्या, आमच्यावर दया कर. ह्या शेवटच्या ओळीला खाली वाकायचं. ती दोघं वाकली की मी त्यांच्या बरोबर समोर. भाकरी थापत असले तरी अवघडून बाजूला सरकायची, मोरीपाशी उभी राहायची आणि त्यांचं झालं की परत तव्याकडं. दिवसातून एकदा, रोज, कित्येक महिने.

मल्याळम मला तेव्हा येत नव्हतं. पण 'कुरियेलायसोन' हा शब्द इतक्या वेळा यायचा की बाळाला थोपटताना माझ्या तोंडात तो आपोआप येऊ लागला. प्रभो, दया कर. हरिपाठाच्या घरात वाढलेल्या मुलीला एकच नाव शंभरदा घेणं परकं कसं वाटेल? परकं वाटलं ते क्रुसावर खिळलेला देव. माझा देव कमरेवर हात ठेवून, विटेवर, भक्ताची वाट बघत उभा होता. ह्या देवाचे हात खिळलेले. त्याला कमरेवर हात ठेवायचीही मुभा नव्हती. ते मी बरेच दिवस, बरेच महिने मनात घोळवत राहिले. कुणाशी बोलले नाही.

आणि एका संध्याकाळी, कौमा सुरू झाली तेव्हा मी तव्याखालचा जाळ बंद केला आणि बाजूला न सरकता तिथंच वळले. खिडकीकडं तोंड केलं. माझ्या मागं ती दोघं वाकली आणि माझेही गुडघे टेकले. फरशीवर पीठ सांडलेलं होतं, ते कपाळाला लागलं. सासूबाईंनी नंतर पदरानं ते पुसलं. काहीच बोलल्या नाहीत.

मला आलेली हाक ती एवढीच. आवाज नाही, स्वप्न नाही.

29 जून 1998 ला, ह्यांच्या गावच्या देवळात, प्रेषितांच्या नोंबाच्या शेवटच्या दिवशी बाप्तिस्मा झाला. अच्चननी, म्हणजे तिथल्या पाद्रींनी, कपाळाला मूरोन लावलं, त्या तेलाचा वास चार दिवस केसांत होता. मग रजिस्टर काढलं आणि विचारलं, बापाचं नाव? आप्पांचं नाव पांडुरंगाच्या नावांपैकीच एक. मी सांगितलं, त्यांनी एकेक अक्षर विचारून मल्याळम लिपीत ते लिहून घेतलं. त्या रजिस्टरात ते आजही आहे. त्या वेळी त्यात मला विशेष काही दिसलं नाही. पुढं कधीतरी ध्यानात आलं की याकोब आणि योहान यांना शुभवर्तमानात शेवटपर्यंत 'जब्दीचे मुलगे'च म्हटलंय. येशू पुन्हा उठल्यावर सात शिष्य समुद्रावर मासे धरायला जातात आणि 153 मोठे मासे जाळ्यात येतात, त्या गोष्टीतही ते जब्दीचेच मुलगे. बाप होडीत राहिला, त्याचं नाव मात्र पोरांबरोबर चालत राहिलं.

बाप्तिस्म्याचंही मी आप्पांना कळवलं नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. त्यानंतर माहेर तुटलं. आई गेली तेव्हा मी गेले आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिले. मला बाहेर बस असं कुणी म्हटलं नव्हतं, मीच आत गेले नाही. ह्यावर जास्त लिहवत नाही.

मधल्या वर्षांत मला एका माणसाचा आधार झाला, आणि तो आमच्याच बाजूचा निघाला. अल्वारिस मार जुलियस. 1836 साली गोव्यात वेर्ण्याला जन्मलेला, मुळात कॅथलिक पाद्री. हिंदुस्थानातल्या कॅथलिक मंडळींवर हक्क पोर्तुगीज राजाचा की रोमचा, ह्या वादात तो मंडळीपासून तुटला आणि 1889 साली कोट्टायमला मलंकरा मंडळीचा बिशप झाला. त्याच्यामुळं गोव्यात आणि तिकडं उडुपीजवळ ब्रह्मावरला कोकणी बोलणारे ऑर्थोडॉक्स उभे राहिले. जुन्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं, पोर्तुगीज सरकारनं छळलं. तो पणजीत गोरगरिबांची, रोग्यांची सेवा करत राहिला आणि 1923 च्या सप्टेंबरात गेला. त्याच्या अस्थी पणजीजवळ रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स देवळात आहेत. चोर्ला घाट उतरून आम्ही दोघं तिथं गेलो होतो, भर पावसात. थडग्यापाशी मी मराठीतून प्रार्थना केली. ऑर्थोडॉक्स व्हायचं म्हणजे मल्याळी व्हायचं, असं माझ्या डोक्यात कुठंतरी बसलं होतं. ते तिथं सुटलं. परत येताना कणकुंबी लागली, मग आमच्या गावचा फाटा. गाडी थांबवा, असं मी म्हणाले नाही. ह्यांनी मात्र फाट्यावर वेग कमी केला होता.

मला गावात घेऊन गेलं ते मार्काच्या सातव्या अध्यायातलं एक वचन. येशू तिथं शास्त्री-परूशांना खडसावतो. तुमच्यातला एखादा आईबापांना सांगतो, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते 'कुर्बान' आहे, देवाला वाहिलेलं आहे, आणि मग त्यानं आईबापांसाठी काही केलेलं तुम्हाला चालत नाही. असं करून तुम्ही देवाचं वचन मोडता. कुर्बान. आमच्या उपासनेचं नावच कुर्बाना. अरामी, हिब्रू, अरबी ह्या सगळ्यांत त्या धातूचा अर्थ जवळ येणं, जवळ नेणं. दर रविवारी मी देवाच्या जवळ जात होते आणि जांबोटीच्या पुढच्या गावात माझा बाप एकटा भाकरी थापून खात होता. त्याला लांब ठेवायला मी देवाचं नाव वापरलं होतं. हाक आली तर लगेच निघावं, हे खरंच आहे. पण माझ्या 'लगेच'मध्ये हाक किती होती आणि आप्पांच्या तोंडाला तोंड द्यायची भीती किती होती, हे त्या रात्री मला पहिल्यांदा दिसलं.

जाऊन आले. 2009 चा जून होता. सोप्यावर आप्पा बसलेले, पावसाला पारावार नाही, बोलणं ऐकू येईना इतका. म्हटलं, चुकलं माझं, न सांगता गेले ते चुकलं. गेले ते चुकलं असं म्हणाले नाही, कारण ते खोटं झालं असतं. आप्पांनी ऐकलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पाऊस वाढतोय. शेवटची गाडी चुकंल तुझी." आणि उठून आत गेले, घरच्या तांदळाचं एक गाठोडं बांधून आणून माझ्या पायाशी ठेवलं. नोंबाचे दिवस होते. त्या तांदळाची पेज मी उरलेले सगळे दिवस खाल्ली.

2023 च्या मे महिन्यात आप्पा आमच्याकडं राहायला आले. वय 86, खुबा दुखावलेला, गावात करणारं कुणी नाही. आषाढीला पंढरपूर त्यांनी पन्नासेक वर्षं चुकवलेलं नव्हतं, त्यातली बरीचशी चालत. त्या वर्षी वाकर धरून मोरीपर्यंत चालणं हीच वारी.

पाऊसही रुसला होता. मान्सून उशिरा आला, मृग जवळजवळ कोरडा गेला. आप्पा खिडकीतून आभाळ बघत बसायचे आणि गावाकडं फोन लावून भाताची रोपं तगलीत का विचारायचे. त्यातच 16 तारीख आली. पहिल्या रात्री मी मत्तय उघडला आणि जीभ अडखळली. शेजारच्या खाटेवर बाप पडलेला असताना 'आपल्या बापाला सोडून' हे मोठ्यानं कसं वाचायचं? वाचलं. आप्पा भिंतीकडं तोंड करून होते, झोपलेत असं वाटलं. पुस्तक मिटल्यावर आवाज आला, "त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?"

"लिहिलेलं नाही आप्पा."

"हं," म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "होडी तरी कुणीतरी काठाला लावली असंल."

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकाचा एक हिशोब सुरू झाला, तो मला अजून पाठ आहे. खरं तर नोंब म्हणजे माझ्यासाठी माहेरचं जेवण. सासरी मासे रोजचे, नोंबात ते थांबतात आणि हुलग्याचं माडगं, नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी, कारळ्याची चटणी, पेज आणि मूग असं सगळं परत येतं. एरवीही जूनमध्ये बेळगावच्या बाजारात समुद्राचे मासे कमीच असतात, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी. कोळ्यांच्या नोंबात खऱ्या कोळ्यांचीही जाळी काठावर असतात, ह्याचं मला दर वर्षी नवल वाटतं. अडायचं ते फक्त ताकापाशी. आप्पांना ताक लागतं, मला ते वर्ज्य. त्यांच्यापुरतं अर्धा लिटर दूध येऊ लागलं. नोंबात पहिल्यांदाच घरात दूध तापायला लागलं, आणि साय धरल्याचा वास मला भल्या सकाळी अस्वस्थ करायचा. आप्पांच्या ते ध्यानात आलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला बी नको दूध. कोरा चहा चालतोय."

नोंबाच्या दोनच दिवस आधी योगिनी एकादशी येऊन गेली होती, तीही बुधवारी, म्हणजे माझाही उपास. एकादशीला आप्पांना भात, भाकरी, डाळ चालत नाही, दूध-दही चालतं. मला भात-भाकरी चालते, दूध-दही चालत नाही. दोघांच्या ताटात एकच गोष्ट बसेल असं काय? मी कट्ट्यापाशी उभी राहून बोटं मोजत होते. रताळी. शेंगदाणे. केळी. शाबूची खिचडी, पण तूप न घालता शेंगतेलात. संध्याकाळी रताळी उकडली, सालं काढून मीठ लावलं, बरोबर भाजलेल्या शेंगा. एकाच ताटात घेतलं, सोलून सोलून एकमेकांपुढं टाकत खाल्लं. कितीतरी वर्षांत आम्ही बापलेकीनं एका ताटात खाल्लं नव्हतं. 25 च्या आसपास पाऊसही धरला.

29 जून गुरुवारी होता. पेत्र-पौलांचा सण. आषाढी एकादशी. आणि बकरी ईद. तिन्ही एकाच दिवशी. शाळेला ईदची सुट्टी. पहाटे आप्पांनी टीव्हीवर महापूजा बघितली, दोन्ही हात जोडून, खुर्चीत जमेल तेवढं वाकून. आम्ही सातला खिडकीकडं तोंड करून उभे राहिलो, नोंबाची शेवटची प्रार्थना. बाहेर मशिदीकडं नव्या कपड्यांतली पोरं चाललेली, भुरभुर पावसात. आमची कुर्बाना, त्यांची कुर्बानी, आप्पांचा विठोबा. आम्ही कौमा म्हणून वाकलो तेव्हा टीव्हीचा आवाज बंद झाला. मागं वळून बघितलं तर रिमोट आप्पांच्या हातात होता.

दुपारी ते आपण होऊन बोलायला लागले. माझ्याकडं न बघता, खिडकीबाहेरच्या पावसाशी बोलावं तसं. "मी माळ घातली तवा मी एकोणीस वर्षांचा. आमच्या बाला मासे लई आवडायचे. चढणीच्या दिसात तो घरात थांबायचा नाही. मी माळ घालून आलो आणि म्हटलं, आजपासून ह्या चुलीवरचं खाणार नाही. त्याला विचारलं नव्हतं. वरसभर बोलला नाही माझ्याशी. आई दोन चुली पेटवायची."

मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मग?"

"मग काय. एक दिवस आईनं माझ्यासाठी येगळं काढल्यालं पिठलं त्यानं आपल्या ताटात वाढून घेतलं. बोलला न्हाई काय." आप्पांनी गळ्यातली माळ दोन बोटांत धरली, सोडली. "मी तुझ्या ताटात काय कधी वाढून घेतलं न्हाई गं."

मी काय बोलणार? तेवढ्यात दारावर टकटक झाली. अक्का, झाकणाची वाटी घेऊन. "टीचर, तुमचं हेप्पु. आज सुटलं न्हवं?" आप्पांना नमस्कार करून गेल्या.

संध्याकाळी लिटरभर दूध आणलं. दुधाचा चहा केला. आप्पांना एकादशीला तो चालत होता आणि मला 13 दिवसांनी चालू झाला होता. उरलेलं दूध तापवून निवायला ठेवलं. करंगळी बुडवून बघितलं, कोमट झाल्यावर अक्कांच्या वाटीतलं चमचाभर दही घालून ढवळलं. हवेत चांगलाच गारठा होता. आप्पा खाटेवरून सगळं बघत होते.

"काय करालीस?"

"विरजण लावलं."

"ह्या गारठ्यात लागायचं न्हाई ते," असं म्हणून त्यांनी गळ्यातला मफलर काढून माझ्या हातात दिला. मी तो भांड्याभोवती दोन वेढे देऊन गुंडाळला आणि भांडं कट्ट्याच्या कोपऱ्यात, शेगडीच्या कडेला, खिडकीखाली ठेवलं.

सकाळी दही घट्ट लागलं होतं. द्वादशीचं पारणं आप्पांनी त्याच दह्यानं सोडलं. माझ्या ताटातून घेऊन.